मानेतली गाठ, आवाजाची नस आणि आंब्याचा सीझन

कोपरखैरणेहून एका मुलीने वडिलांबद्दल विचारलंय. वडील ५६ वर्षांचे, तुर्भ्याच्या फळ मार्केटमध्ये गाळ्यावर असतात, दिवसभर मोठ्याने बोलायचं काम. मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, चार वर्षांपासून गाठ आहे. दुखत नाही. आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. सुईची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा 'निश्चित सांगता येत नाही' असा रिपोर्ट आला. मध्ये एका डॉक्टरांनी टीबी समजून सहा महिने एकेटी (टीबीच्या गोळ्या) दिली, गाठ तसूभरही कमी झाली नाही. आता एमआरआयमध्ये ४.१ सेंटिमीटरची 'नर्व्ह शीथ ट्यूमर, बहुधा श्वानोमा' आणि 'कॅरोटिड व जुग्युलर एकमेकींपासून दूर सरकलेल्या' असं लिहून आलंय. एक सर्जन म्हणतात लगेच काढा, नाहीतर कॅन्सर होईल. दुसरे म्हणतात हात लावू नका, आवाज जाईल. बाबा म्हणतात आंब्याचा सीझन संपू दे, मग बघू. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: 'गाठ दाबली की त्यांना ढास लागते, याचा काही संबंध आहे का?'

या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या अख्ख्या फाइलमध्ये तीच सगळ्यात बोलकी आहे.

मी ठाण्यात नाक-कान-घसा आणि मानेच्या शस्त्रक्रिया करतो, वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मानेतल्या नसांच्या गाठी मी मोजक्याच काढल्यात, कारण त्या मुळातच क्वचित होतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही आणि एमआरआयची चित्रंही पाहिलेली नाहीत, तेव्हा खाली लिहितोय तो निर्णय समजू नका. त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, ते यातून कळलं तरी पुरे.

तुम्ही विचारलंय, 'काढायची की ठेवायची?' माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे, 'ही गाठ कोणत्या नसेवर आहे?' मानेतल्या श्वानोमाचं सगळं गणित यावर फिरतं. तीच गाठ, तेवढीच मोठी, पण एका नसेवर असली तर आवाजाचा प्रश्न, दुसरीवर असली तर डोळ्याच्या पापणीचा, तिसरीवर असली तर हाताचा.

आधी नावाचा गोंधळ मिटवून टाकू. श्वानोमा म्हटलं की ओपीडीत हमखास कोणीतरी विचारतं, 'कुत्रा चावला होता लहानपणी, त्याचा हा परिणाम का?' श्वानाशी याचा काडीचा संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचा जर्मन शास्त्रज्ञ १९ व्या शतकात होऊन गेला, त्याच्या नावावरून नसेभोवतीच्या आवरणातल्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. विजेच्या वायरवर प्लास्टिक असतं तसं या पेशी नसेला गुंडाळून असतात. त्यातलीच एखादी पेशी वाढत गेली की ही गाठ होते. आणि नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्ताची नस नव्हे. आपण मराठीत दोन्हींना नसच म्हणतो, त्यामुळे घरचे लोक 'नस कापली तर रक्त थांबेल ना?' असं विचारतात. तो मुद्दा वेगळा.

आता ढास. मेंदूतून निघून मान, छाती आणि पोटापर्यंत जाणारी एक लांबलचक नस आहे, व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच भटकी. मानेत ती कॅरोटिड ही शुद्ध रक्ताची धमनी आणि जुग्युलर ही अशुद्ध रक्ताची शीर, या दोघींच्या मधून खाली उतरते. स्वरयंत्राची फांदी तिचीच. त्या फांदीची गंमत अशी की ती गळ्याजवळून सरळ खाली छातीच्या तोंडापर्यंत जाते, तिथल्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि परत वर येते. ठाण्याहून निघालेल्या माणसाला उतरायचंय कोपरखैरणेला, पण गाडी आधी वाशीपर्यंत नेते आणि मग मागे आणून सोडते, तसं. व्हेगसवर गाठ असेल आणि ती दाबली तर स्वरयंत्राकडची संवेदना चाळवते आणि कोरडी ढास लागते. हे लक्षण सगळ्यांत दिसत नाही, पण दिसलं तर मी व्हेगस धरूनच चालतो. तुमच्या एमआरआयमध्ये कॅरोटिड आणि जुग्युलर एकमेकींपासून फाकल्यात असं लिहिलंय, तेही याला जुळतं: मधली नस फुगली की दोन्ही बाजूंच्या वाहिन्या दूर जाणारच. तिथेच मागच्या बाजूला सिम्पथेटिक साखळी असते, म्हणजे पापणी, बाहुली आणि चेहऱ्याचा घाम सांभाळणाऱ्या नसांची माळ. गाठ तिच्यावर असती तर कॅरोटिड आणि जुग्युलर दोघी सहसा जोडीने पुढे ढकलल्या गेल्या असत्या. या खुणा शंभर टक्के खात्रीच्या नाहीत, शेवटचं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावरच मिळतं. पण ढास आणि एमआरआय एकाच दिशेला बोट दाखवतायत.

हाताने तपासूनही बरंच कळतं. श्वानोमा नसेलाच धरून असतो, त्यामुळे आडवी हलवली तर गाठ डावी-उजवीकडे सरकते, वर-खाली सरकत नाही. ताणलेल्या दोरीला मारलेली गाठ बाजूला ओढली तर येते, दोरीच्या दिशेने ओढली तर दोरीच तिला अडवते. मात्र असंच वागणारी दुसरी एक गाठ आहे, कॅरोटिड बॉडी ट्यूमर. ती रक्ताने भरलेली असते, तिला हात लावला तर ठोके जाणवू शकतात, आणि तिच्यात न बघता सुई किंवा चाकू घालणं महागात पडतं. कॅरोटिडच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात ती बसते आणि एमआरआयमध्ये तिच्या आत रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके दिसतात. कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध शिरेतून देऊन, एमआरआय आधी, बाकी सगळं नंतर, हा माझा हट्ट यासाठीच असतो. कॉन्ट्रास्ट देण्याआधी किडनीची साधी रक्ततपासणी करून घेतात, ती टाळू नका.

एकेटीबद्दल. आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की टीबी आधी डोक्यात येतो आणि त्यात गैर काही नाही, कारण मानेच्या गाठींमध्ये टीबी खरोखरच भरपूर असतो. माझी तक्रार एवढीच, की सुईच्या नमुन्यात टीबीचा पुरावा नसताना, सीबीनॅटसारखी टीबीचे जंतू शोधणारी तपासणी हाताशी असताना, सहा महिने लघवी नारिंगी करणारी औषधं अंदाजाने देऊ नयेत. आणि दोनदा सुई घालूनही उत्तर आलं नाही, यात पॅथॉलॉजिस्टचा दोष नसतो. श्वानोमाच्या पेशी घट्ट, एकमेकींना चिकटून असतात, सुईत फारशा येतच नाहीत. आल्या तरी लांबट पेशी दिसतात एवढंच लिहिता येतं. सुई घालताना वडिलांना करंट लागल्यासारखं झालं होतं का, ते विचारून बघा. ही बारीकशी गोष्ट रिपोर्टमध्ये कधीच नसते, पण माझ्यासाठी ती रिपोर्टएवढीच कामाची असते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट राहून गेली नाही ना, ते बघा. वय ५६, मानेत गाठ. तंबाखू, मशेरी, विडी, दारू यांतलं काही असेल तर, आणि नसेल तरी, तोंड, जिभेचं मूळ, टॉन्सिल आणि घसा दुर्बिणीने एकदा नीट बघितलेला हवा आणि थायरॉइडची सोनोग्राफी झालेली हवी. घशातला किंवा थायरॉइडचा कॅन्सर पहिल्यांदा मानेतली गाठ म्हणूनच दिसू शकतो. चार वर्षांची, सावकाश वाढणारी गाठ आणि एमआरआयचं असं चित्र बघता मला ती भीती कमी वाटते. पण कमी वाटते म्हणून मी तपासणी सोडत नाही.

त्याच दुर्बिणीतून दोन्ही व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरयंत्रातले आवाज काढणारे पडदे, हलतायत का, हे कागदावर यायला हवं. हा मुद्दा तुमच्या पत्रात कुठेच नाही. उजवी आधीच कमी हलत असेल तर शस्त्रक्रियेतून आवाजाचं नवं नुकसान फारसं होणार नाही, कारण शरीराने बरंचसं सांभाळून घेतलेलं असतं. उलट डावी, म्हणजे चांगल्या बाजूची कॉर्ड, दुसऱ्या काही कारणाने बिघडलेली असेल तर उजव्या व्हेगसला हात लावणं म्हणजे श्वासाशी खेळ. अशा माणसाला मी अगदी नाइलाज झाल्याशिवाय टेबलावर घेणार नाही.

दोन सर्जनांच्या दोन मतांकडे येतो. 'काढा नाहीतर कॅन्सर होईल' हे श्वानोमाच्या बाबतीत मला पटत नाही. ही साधी गाठ आहे आणि ती कॅन्सरमध्ये बदलणं अत्यंत विरळ. न्यूरोफायब्रोमा नावाची जी चुलत गाठ आहे, तिची गोष्ट थोडी वेगळी, खास करून ज्यांच्या अंगावर लहानपणापासून दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतात आणि कातडीखाली मऊ गाठी असतात त्यांच्यात. तुमच्या वडिलांना असं काही असेल, किंवा शरीरात आणखी कुठे नसेची गाठ असेल, कमी ऐकू येत असेल, तर सांगा. मग मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय आणि जनुकीय सल्ला हे विषय निघतात. गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, सतत दुखायला लागली, हात-चेहरा-आवाज यांत अचानक कमजोरी आली, तर मात्र थांबायचं नाही.

'हात लावू नका' हेही अर्धंच. या गाठी साधारणपणे वर्षाला दोन-तीन मिलिमीटरने वाढतात, त्यामुळे दर वर्षी एमआरआय करत नुसतं लक्ष ठेवणं हा खराखुरा पर्याय आहे, वेळ ढकलणं नव्हे. ७८ वर्षांच्या आजोबांना, हृदयात स्टेंट असलेल्यांना, काहीच त्रास नसलेल्यांना मी तोच सुचवतो. पण ५६ व्या वर्षी पुढची पंचवीस वर्षं समोर आहेत आणि गाठ जितकी मोठी होते तितके नसेचे धागे तिच्यावर ताणून पातळ होतात, वेगळे काढणं अवघड होतं. गाठीचं वरचं टोक कवटीच्या तळाकडे सरकायला लागलं तर ऑपरेशनच बदलतं, मग न्यूरोसर्जन सोबत लागतो. म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझा कल काढण्याकडे आहे, पण सावकाश, नीट तयारीने, आणि नस वाचवण्याच्या बेताने.

थोडक्यात इथवर असं झालं: बहुधा व्हेगसचा श्वानोमा, घाई नाही, कॅन्सरची धास्ती नको, आणि काढण्याचं कारण आहे. आता आवाज.

पूर्वी अशी गाठ नसेसकट कापून काढत. मग त्या बाजूची कॉर्ड कायमची बंद. आता जमेल तिथे गाठीच्या आवरणाच्या आतून गर काढतात. भिजवलेले, मोड आलेले वाल सोलताना कसं, एका टोकाला नख लावून चिमटीत दाबलं की साल बोटांत राहते आणि डाळिंबी टुणकन वाटीत पडते. साल म्हणजे आवरण, आणि नसेचे जिवंत धागे त्या सालीवर पसरलेले असतात. गाठ पिवळसर, चकचकीत, आणि तिच्यावरून पांढरे धागे एखाद-दुसऱ्या ठिकाणी गोळा झालेले, बाकी ठिकाणी विरळ. जिथे धागे नाहीत तिथे, नसेच्या लांबीला समांतर, उभा छेद द्यायचा.

धागे कुठे आहेत हे डोळ्यांना नेहमी दिसत नाही. त्यासाठी श्वासनलिकेत घालायची जी नळी असते ती खास घेतात. तिच्यावर इलेक्ट्रोड असतात आणि ते कॉर्डना टेकलेले असतात. आम्ही गाठीवर बारीक करंटची काडी टेकवत जातो. टेकवल्यावर मशीनने टूं केलं की तिथे जिवंत धागा आहे, हात मागे. शांत राहिलं की पुढची जागा. भूलतज्ज्ञाला हे आधी सांगावं लागतं, कारण स्नायू लुळे ठेवणारं औषध चालू राहिलं तर मशीन सगळीकडे शांतच राहील आणि आपण खुशाल नस कापून बसू. दुसरी गोष्ट, व्हेगस ओढली की नाडी खाली येते. मॉनिटरचा ठोका मंदावतो, भूलतज्ज्ञ मान वर न करता म्हणतात, 'थांबा जरा.' आम्ही हात सोडून उभे राहतो. अर्ध्या मिनिटात ठोके पूर्वपदावर येतात आणि मग पुन्हा सुरुवात.

एवढं करूनही मी कोणालाच 'आवाज शाबूत राहील' असं लिहून देत नाही. नस वाचली तरी ती हाताळली गेलेली असते. पहिले काही आठवडे आवाज घोगरा, हवा गळाल्यासारखा येणं हे मी धरूनच चालतो. बऱ्याच जणांचा तीन ते सहा महिन्यांत परततो, काहींचा थोडा कमी परततो, आणि क्वचित येतच नाही. पहिल्या दिवसांत पाणी पिताना ठसका लागतो. हनुवटी छातीकडे आणि मान कमजोर बाजूला वळवून घोट घ्यायचा, ते स्पीच थेरपिस्ट शिकवतात. कॉर्ड हललीच नाही तर तिला मध्यरेषेकडे सरकवता येतं, आधी इंजेक्शनने आणि नंतर थायरोप्लास्टीने, म्हणजे स्वरयंत्रावरच्या छोट्या शस्त्रक्रियेने. इशिकी या जपानी सर्जनने १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. यात पेशंट जागा असतो. आम्ही बाहेरून ठोकळा बसवत जातो आणि त्याला म्हणतो, 'एक ते दहा मोजा बघू.' आवाज जिथे जमतो तिथे ठोकळा पक्का करायचा. सांगायचा मुद्दा, आवाज बिघडणं हे संकट आहे, पण रस्ता संपत नाही.

तुलनेसाठी सिम्पथेटिकवाल्यांचंही सांगतो, कारण टेबलावर अंदाज चुकला तर तुमच्या घरी हेच बोलणं होईल. त्या नसेच्या गाठीत आवाज सहसा राहतो, पण पापणी किंचित खाली येते, बाहुली लहान होते आणि त्या बाजूचा चेहरा घामेजत नाही. माझी एक पेशंट मे महिन्यात लोकलने आली आणि म्हणाली, 'डॉक्टर, गर्दीत अर्धा चेहरा चिंब, अर्धा कोरडा ठणठणीत.' तिला त्याहून जास्त त्रास झाला तो पहिल्या घासाचा. जेवणाचा पहिला घास तोंडात घेतला की कानाखाली जबड्यात सणक, चार घास गेले की बंद. लिंबाचं लोणचं असेल तर विचारू नका. याला फर्स्ट बाइट सिंड्रोम असं सरळसोट नाव आहे. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो.

माझ्या हातून काय झालं होतं तेही लिहितो, म्हणजे मी एमआरआयचा हट्ट का धरतो ते कळेल. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, एक छोटं रुग्णालय. रिक्षा चालवणारा तरुण, कॉलरबोनच्या वर गाठ. सुईचं उत्तर अर्धवट. मी म्हटलं लिम्फ नोडच असणार, जागेवर भूल देऊन तुकडा घेऊ. आत गेलो तर पिवळी, चकचकीत गोल गाठ. तिथेच थांबायला हवं होतं. मी पाचरीएवढा तुकडा कापला आणि तो पोरगा टेबलावरून उठायच्या बेतात ओरडला, खांद्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी हात खांद्यातून वर उचलेना. खांद्याकडे जाणाऱ्या नसेचे धागे मी तुकड्याबरोबर घेतले होते. रोज फिजिओथेरपी, आठ महिने, तोवर रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिलेली. हात बराचसा परत आला, पूर्ण आला असं म्हणणार नाही. तेव्हापासून मानेतली कुठलीही गाठ नुसता अंदाज करून उघडत नाही. तुम्हालाही कोणी 'तुकडा काढून बघू' म्हणालं, तर आधी विचारा की एमआरआय बघितला का.

सर्जन निवडताना रुग्णालयाच्या लॉबीपेक्षा दोन-तीन उत्तरं महत्त्वाची. अशा किती गाठी केल्यात, नस तपासायचं मशीन आणि ती नळी मिळेल का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे, गर आणि नस वेगळी होतच नसेल तर काय करणार? थोडी गाठ मागे ठेवणार, की नस कापून पूर्ण काढणार? हा निर्णय भूल देण्याआधी वडिलांनी स्वतः घ्यायचा आहे आणि संमतीपत्रावर तो शब्दांत लिहिलेला हवा. आवाजावर पोट असलेल्या माणसाला मी थोडी गाठ मागे ठेवून नजर ठेवायला सांगतो. ती पुन्हा वाढली तरी वर्षांचा हिशोब असतो. दुसरं मत हवं असेल तर तुमच्यापासून खारघरचं टाटाचं केंद्र फार दूर नाही. खर्चाची अडचण असेल तर जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या काउंटरवर रेशन कार्ड घेऊन आधीच विचारा, भरती झाल्यावर नको. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. मी रिपोर्टची ओळ वाचतो, पण निर्णय चित्रं बघून घेतो.

आणि आंबा. एप्रिल-मेची गर्दी संपेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही, दोन-तीन महिन्यांत ही गाठ मिलिमीटरभरही वाढणार नाही. तेवढ्यात घशाची दुर्बीण, थायरॉइडची सोनोग्राफी, शुगर-बीपी आवाक्यात आणणं आणि तंबाखू असेल तर सोडणं उरकून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नाही. ऑपरेशन दोन-तीन तासांचं, तीन-चार दिवसांत घरी, टाका मानेच्या सुरकुतीत लपतो. पण नंतर निदान महिना-दोन महिने गाळ्यावर ओरडायचं नाही. त्यासाठी पावसाळ्याइतका सोयीचा काळ त्यांच्या धंद्यात दुसरा नसावा.

एक काम मात्र सीझनमध्येच करून ठेवा. एखाद्या सकाळी मार्केटमध्ये जाऊन बाबांचा आवाज मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, घरातला नको, गाळ्यावर भाव सांगतानाचा. ऑपरेशननंतर स्पीच थेरपिस्ट पहिला प्रश्न विचारते, 'आधी कसे बोलायचे?' आणि तेव्हा घरातल्या कोणालाच ते नीट सांगता येत नाही.